लाट आली, एवढंच

ता. २ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, सगळे धडधाकट आहेत. तुम्ही फोन उचलत नाही आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवता. अंगठ्यावरून माणूस रागावलाय की जेवून झोपलाय, काही पत्ता लागत नाही. म्हणून म्हटलं, कागदच घ्यावा. कागदाला तुम्ही उत्तर देता, तेही पानभर, टोमण्यांसकट.

तर बातमी अशी, की महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपण सगळे वॉटर पार्कला जातोय. सगळे म्हणजे मी, तुमचे जावई, भिंगरी आणि तुम्ही. शहराबाहेर नवीनच झालाय. आत म्हणे सगळा ध्रुवप्रदेश उभा केलाय. प्लास्टिकचे हिमनग, त्यांच्यावरून खाली येणाऱ्या घसरगुंड्या, पांढरी अस्वलं, आणि दारात पेंग्विनचा वेष घालून उभी असलेली माणसं. या उन्हात त्या बिचाऱ्या पेंग्विनांची काय भाजी होत असेल कोण जाणे! भिंगरीने जाहिरातीचं चित्र पलंगासमोर चिकटवलंय. रोज अंघोळीला बादलीत तोंड बुडवून बसते आणि बाहेर आली की आपण अजून जिवंत असल्याचं घरभर सांगत फिरते. आजोबा आले नाहीत तर आपणही जाणार नाही, असं तिने काल ताटावर बसून जाहीर केलं.

आता नाही म्हणायच्या आधी ऐका. गुडघ्याचं कारण माझ्यापुढे चालायचं नाही. मी दिवसभर दवाखान्यात लोकांचे गुडघेच वाकवते, आणि तुमचा गुडघा त्यांतल्या निम्म्यांपेक्षा तरणा आहे. कुंड्यांना पाणी घालायला खालचे सायकलवाले काका आहेत. उरलं खरं कारण. ते मलाही ठाऊक आहे, तुम्हालाही. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं. तेव्हा भेटायला आलात, कोपऱ्यात मुक्याने बसलात आणि निघून गेलात, त्यानंतर तुम्ही आमच्या घरी पाऊल टाकलेलं नाही. तो एक फोन किती दिवस उराशी धरून बसणार आहात? तुमच्या जावयाने त्याबद्दल आजवर चकार शब्द काढलेला नाही, बाबा. मग तुम्हीच का कुढत बसताय?

भिंगरी वेगळं पत्र लिहिणार आहे, तयारीत राहा.

माया आहेच, ती येऊन दाखवा म्हणजे झालं.

तुमची,
बेबी


ता. ६ एप्रिल

चि. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आधी एक सांग, पेंग्विन आणि पांढरं अस्वल एका जागी कसे? एक राहतो पृथ्वीच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला. जन्मात कधी त्यांची गाठ पडलेली नाही. ज्याला एवढंही ठाऊक नाही त्याच्या घसरगुंडीवर मी भरवसा ठेवायचा? चांगलं आहे!

गुडघा राहू दे. कानाचं बोल. माझ्या कानातला किडा, म्हणजे ते ऐकायचं मशीन, पाण्यात चालत नाही. ते काढून ठेवलं की मी भिंतीसारखा. गर्दी, पाणी, पोरांचा कालवा, आणि मधोमध मी, सगळ्यांकडे बघून उगाच हसत उभा. तू म्हणशील उजवीकडे चला, मी जाईन डावीकडे. मग तुम्ही मला शोधत फिरणार. तुमचा रविवार मला शोधण्यात घालवायचा नाही.

आणि तू तो विषय काढलासच, तर लिहूनच टाकतो. त्या दिवशी सकाळी जावईबापूंचा फोन आला. मी मशीन न घालताच उचलला, एवढं काय असणार म्हणून. ते म्हणाले, आई गेली. मी ऐकलं, आई आली. आता मला काय ठाऊक! विहीणबाई तशाच येत ना, न सांगता, खांद्याला पिशवी लावून? चार दिवस म्हणून यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पळायच्या. तू दर वेळी चडफडायचीस. म्हणून मी मोठ्या आनंदाने म्हणालो, आली का, वा वा, बरं झालं! आता सोडू नका, चांगलं महिनाभर धरून ठेवा. मग तू फोन घेतलास आणि किंचाळून सांगितलंस, तेव्हा कळलं मी काय बोलून बसलो.

बेबी, ज्याची आई गेली त्याला मी वा वा म्हणालो. त्याने काही म्हटलं नाही असं तू लिहितेस. तेच तर खातंय मला. दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मी पाय धरून मोकळा झालो असतो. तो काहीच बोलत नाही, आणि मी समोर गेलो की त्याला तेच आठवणार. तेव्हापासून फोनच्या नावाने कानाला खडा लावलाय. तुम्ही तिघं जा, मजा करा, फोटो पाठवा. हे पत्र त्याला दाखवू नकोस.

माझी काळजी करू नका, माया मात्र कमी करू नका.

तुझा,
बाबा


ता. १० एप्रिल

प्रिय आजोबा,
सा. न. वि. वि. (आईने सांगितलं असं लिहायचं. पूर्ण काय आहे ते तिलाही पटकन आठवलं नाही.)

तुम्ही येणार नाही असं आई म्हणते. मला राग आलाय, पण मी तो पत्र संपेपर्यंत बाजूला ठेवलाय. मी शाळेत वर्गाला सांगून टाकलंय की माझे आजोबा खिळ्यांच्या कारखान्यात होते आणि त्यांना हातांनी बोलता येतं. चहाची खूण आणि साहेब आला ही खूण मी सगळ्यांना शिकवली. आता बाई वर्गात आल्या की आम्ही साहेब आला असं करतो. बाईंना वाटतं आम्ही गळा खाजवतोय.

पार्कमध्ये एक लाटांचं तळं आहे. आधी भोंगा वाजतो आणि मग लाटा येतात. बाबा म्हणाले की तिथे एवढा गोंगाट असतो की कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. मग तुम्हालाच एकट्याला ऐकू आलं नाही तर काय बिघडलं? सगळे बहिरेच! फक्त आपल्या दोघांना बोलता येईल. म्हणून मला आणखी खुणा लिहून पाठवा. भीती वाटली तर काय करायचं, तेही लिहा. मला भीती वाटत नाही, पण आईला वाटते.

तुम्ही आला नाहीत तर मी बाजूला ठेवलेला राग परत आणीन.

तुमची लाडकी (एकच आहे म्हणून),
भिंगरी


ता. १३ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक गोड आशीर्वाद.

तुझं पत्र सायकलवाल्या काकांना वाचून दाखवलं. हसता हसता त्यांच्या हातातला पंप सुटला. बाईंना खूण कळली तर माझं नाव सांगू नकोस म्हणजे मिळवली.

तुला खुणा हव्यात, तर घे. आमच्या कारखान्यात खिळे पाडणारी यंत्रं अशी ठणाणा करायची, की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी नुसते ओठ हललेले दिसायचे. माझे कान तिथेच गेले. पण म्हणून आम्ही गप्प बसलो होतो असं समजू नकोस. दिवसभर बडबड चालायची, सगळी हातांनी. भांडायचोसुद्धा.

आली, म्हणजे वीज आली, तारेची गाडी आली: हात पुढे पसरायचा आणि तळवा आपल्या छातीकडे ओढून आणायचा. गेली, म्हणजे वीज गेली, गाडी गेली: तोच तळवा खांद्यावरून मागे उडवायचा. जशी माशी हाकलतेस तसा. त्या खुणांत उभ्या जन्मात कुणाची आली आणि गेली यांत गल्लत झाली नाही. तोंडाने बोलायला लागलं की गल्लत होते.

आणि सगळ्यात मोठी खूण: मूठ घट्ट मिटून छातीवर दाबायची. म्हणजे धरून ठेव, सोडू नको. तारेचं मोठं भेंडोळं यंत्रावर चढवताना दोघं जण धरायचे. एकाने सोडलं तर तार उसळून दुसऱ्याला फाडून काढायची. म्हणून समोरच्याकडे बघून ही खूण करायची, आणि त्याने तीच परत करायची. मग भीती राहायची नाही. तुझ्या आईला भीती वाटली तर हीच कर.

यायचं मात्र माझं जमेलसं दिसत नाही गं. रागाला सांग, आजोबा म्हातारे झालेत, जरा सांभाळून घे.

भरपूर पापे.

तुझे,
आजोबा


ता. १६ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नका. दुकानात चष्म्याच्या डब्यांवर नंबर लिहून लिहून अक्षर असं झालंय. बेबीने तुमचं पत्र मला दाखवलं. तुम्ही दाखवू नको म्हटलं होतं, म्हणजे तिने ते दाखवणं ओघानेच आलं. तिच्यावर रागावू नका. आणि भिंगरीला पाठवलेल्या खुणा तर तिने स्वयंपाकघरात उभं करून माझ्याकडून घोटून घेतल्यात.

त्या फोनबद्दल मी बोललो नाही, कारण मला वाटलं तुम्ही ते कधीच विसरून गेला असाल. तुम्ही वर्षभर ते काट्यासारखं बाळगताय हे मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या दुकानात माणसं येतात आणि बिनदिक्कत सांगतात, दिसत नाही हो. त्याची कुणाला लाज वाटत नाही. ऐकू येत नाही म्हणायला माणूस का लाजतो, ते मला कधी कळलेलं नाही.

आता जे झालं ते सांगतो. बेबीलाही आजवर सांगितलेलं नाही. त्या सकाळी मी एकामागून एक फोन करत होतो. जो तो अरेरे म्हणत होता. कसं झालं, कधी झालं, आजारी होत्या का, विचारत होता. मी तेच तेच सांगत होतो. सांगून सांगून ते वाक्य इतकं बोथट झालं, की आपण कुणाबद्दल बोलतोय तेच मला कळेनासं झालं. मग तुम्हाला लावला. आणि तुम्ही म्हणालात, आली का, वा वा!

बाबा, मी दाराकडे बघितलं. फोन कानाला तसाच, आणि मी मान वळवून दाराकडे बघितलं. मला वाटलं आली. खांद्याला ती निळी पिशवी, चपला दारात एकावर एक फेकलेल्या, आणि आल्या आल्या पाणी दे म्हणणार. एक क्षणच असेल. पण त्या दिवशी सगळ्या जगाने ती गेली म्हणून सांगितलं, आणि एकट्या तुम्ही ती आली म्हणालात. मला रडू आलं ते तेव्हा. तोवर आलं नव्हतं. फोन बेबीच्या हातात दिला तो म्हणून. तुमचा राग आला म्हणून नाही.

अजूनही कधी फार आठवण आली की मी तुमचं ते वाक्य मनात म्हणतो. हे कुणाला सांगणार? लोक म्हणतील याचं डोकं फिरलंय. बोलून टाकलं की त्यातलं काहीतरी उडून जाईल असंही वाटायचं. म्हणून गप्प राहिलो. माझी चूकच झाली. तुम्ही तिकडे एकटे कुढत होता आणि मी इकडे तुमच्याच शब्दांवर दिवस काढत होतो.

तुम्ही या. तळ्यात भोंगा वाजला की मी समोर उभा राहून खूण करीन. ऐकण्याचं काम माझ्याकडे, तुम्ही फक्त माझ्याकडे बघा. तुम्ही आला नाहीत तर भिंगरी जाणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही जावंसं वाटणार नाही.

आशीर्वाद आहेतच, ते द्यायला तुम्ही स्वतः या.

आपला,
जावई


ता. २० एप्रिल

चि. जावईबापूंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमचं पत्र मिळालं. ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्याला उत्तर देणं मला जमायचं नाही, जन्मभर खिळे पाडले, इतकं नाजूक काम हाताला नाही. माझ्या मनावर एक भलामोठा धोंडा होता, तो तुम्ही उचललात. एवढंच लिहितो आणि चष्मा पुसतो. तोही तुमच्याच दुकानातला आहे, त्यामुळे वाफ लवकर धरतो.

मी येतो.

मात्र एक अट आहे. तिथे नायलॉनचेच कपडे लागतात म्हणे. सायकलवाले मला दुकानात घेऊन गेले. माझ्या मापाची एकच चड्डी उरली होती आणि तिच्यावर सगळीकडे लालभडक कलिंगडं छापलेली आहेत. दुकानदाराने शपथेवर सांगितलं की हल्ली सगळे हेच घालतात. मला नाही वाटत तो खरं बोलला. तर कुणी हसायचं नाही. भिंगरीला एकदा हसायची परवानगी आहे, तेही आजोबांकडे पाठ करून.

बेबीला म्हणावं, पत्र दाखवू नको म्हटलं की दाखवायचं, हे तिने तिच्या आईकडून उचललं आहे. या वेळी बरं केलं तिने.

वाट बघतो, गाडी घेऊन या.

तुमचे,
बाबा


ता. २ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलात, अंग दुखत नाही, असं सायकलवाल्या काकांनी कळवलं. माझं मात्र अंग ठणकतंय. काल दवाखान्यात एका म्हातारबुवांचा गुडघा वाकवताना मीच कण्हत होते, आणि ते मला धीर देत होते.

भिंगरी अजून तिथेच आहे. झोपेतसुद्धा घसरतेय. वर्गात तिने सांगितलं की माझ्या आजोबांच्या कलिंगडांना पेंग्विनने सलाम केला. तो सलाम नव्हता, बिचारा टोपी सावरत होता, पण मी काही बोलले नाही. तुमच्या चड्डीला मी हसले नाही. मी फक्त टॉवेलात तोंड खुपसलं होतं. आणि तुम्ही अस्वलाच्या पायाशी उभं राहून तिथल्या माणसाला या टोकाचं आणि त्या टोकाचं समजावत होता, तेव्हा तो बापडा कानाला हात लावून सांगत होता की इथे काही ऐकू येत नाही! तुम्ही इतके खदखदून हसलात. बाबा, तुम्हाला असं हसताना मी कधी बघितलं होतं ते आठवून बघितलं, आठवेना.

आता एक विचारते. भिंगरीला घेऊन मी त्या उंच हिमनगाच्या जिन्यात रांगेत उभी होते. वरून लाटांचं तळं दिसत होतं. सकाळभर तुम्ही आणि तुमचे जावई समोरासमोर उभे होता. भोंगा वाजला की तो हात छातीकडे ओढायचा, तुम्ही पाय रोवायचा, लाट गेली की तो हात मागे उडवायचा. ते मला कळत होतं. बाजूची पोरंसुद्धा भोंग्याकडे लक्ष न देता त्याच्या हातांकडेच बघायला लागली होती. पण नंतर जेवणाच्या वेळी लाटा बंद झाल्या, लोक बाहेर पडले, तुम्ही दोघंच उरलात. पाणी अगदी शांत होतं. तेव्हा त्याने तुमच्याकडे बघून हात छातीकडे ओढला. तुम्ही मागे वळून बघितलं. मागे काहीच नव्हतं. मग तुम्ही परत त्याच्याकडे वळलात, आणि मूठ मिटून छातीवर दाबलीत. त्यानेही दाबली. आणि मग दोघंही तोंडावर पाणी मारत बसलात, जसं काही आतापर्यंत कोरडेच होता.

मी खाली येईपर्यंत तुम्ही दोघं सँडविच खात बसला होतात. रात्री त्याला विचारलं की काय बोलत होता. तो म्हणाला, लाट आली, एवढंच. बाबा, लाटा बंद होत्या. मी वरून बघत होते. आणि रात्री तो पुष्कळ दिवसांनी गाढ झोपला.

तो सांगणार नाही. तुम्ही तरी सांगा.

माया अशीच असू द्या, आणि उत्तर लवकर द्या. मला दम नाही.

तुमची,
बेबी


ता. ६ मे

चि. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तो म्हणाला ते बरोबर आहे. आली, असंच तो म्हणाला. कोण आली, ते मला आधी कळलं नाही. म्हणून तर मागे वळून बघितलं. वाटलं लाट असेल. लाट नव्हती. पाणी ताटातल्यासारखं थिजलं होतं. वळून परत त्याच्याकडे बघितलं तर तो हसत होता आणि डोळे भरले होते. मग उजेड पडला, की हा मला तोच फोन परत करतोय.

कानात मशीन नव्हतं, पण हात होते. मग तेव्हा जे म्हणालो होतो तेच म्हणालो. आता सोडू नका, धरून ठेवा. त्या वेळी चुकून म्हणालो होतो. या वेळी चुकून नाही म्हणालो. त्याने मूठ छातीवर दाबून दाखवली, म्हणजे भेंडोळं दोघांनी धरलंय. आमच्यात एवढं झालं की पुढे काही बोलायचं नसतं. आणि डोळ्यांत पाणी गेलं होतं आमच्या, त्या तळ्यातलं. औषध फार घालतात.

तू यातलं काही त्याच्याजवळ काढू नकोस. म्हणजे काढशीलच. पण जरा थांबून काढ.

कलिंगडं धुऊन दोरीवर वाळत घातली आहेत. खालून जाणारे येणारे मान वर करून बघतात. सायकलवाल्यांना पुढच्या वेळी बरोबर न्यायचं का, विचार करून ठेव. त्यांना पोहता येत नाही, पण तसं तर आपल्यालाही कुठे येतं?

आणि हो, रविवारी सकाळी फोन कर. किडा कानात घालून फोनजवळ बसतो. आधी जावईबापूंना बोलू दे. उलटंसुलटं ऐकलं तर ऐकलं, काय व्हायचं ते होऊ दे, मी उचलणार.

लोभ आहे तो तुम्ही तिघांनी मुठीत धरून ठेवा. या बाजूने मी धरलाय.

तुझा,
बाबा